फानशेठचा वाकडा पूल

एक होता शेठ. राजा नव्हता, बरं का. पण राजाला नवं रेशीम हवं झालं की राजाचा माणूस या शेठच्या पेढीवर येऊन बसायचा, आणि शेठ त्याला चहावर चहा पाजत आपल्या सवडीने बोलायचा. आता तुम्हीच ठरवा कोण मोठा ते.

हा शेठ राहायचा लांब, चीन देशात. तिथे एक शहर होतं. त्या शहरात गल्ल्या कमी आणि कालवे जास्त. दारातून पाऊल बाहेर टाकलं की होडी. भाजीवाला होडीतून यायचा, न्हावी होडीतून यायचा, नवरदेवाची वरातसुद्धा होडीतून निघायची. वाजंत्री वाजवणारा एखादा दरवर्षी पाण्यात पडायचाच.

शेठचं नाव फान. आपण त्याला फानशेठ म्हणू. त्याची शेठाणी होती, मनाने सोनं पण जिभेने मिरची. आणि एकुलती एक मुलगी होती. तिचं नाव रुई. हसू नका रे. कापसाची रुई नव्हे, तिकडे ते चांगलं नाव आहे. रेशमाच्या घरात रुई, असं म्हणून हसणारे तुम्ही पहिले नाही.

त्या शहराची एक रीत होती. माणसाने कितीही कमावलं, चार वखारी बांधल्या, दहा होड्या पाण्यात सोडल्या, तरी त्याला मोठा म्हणायचे नाहीत. मोठा कधी? तर त्याने बाग बांधली की. आणि बाग म्हणजे आपली फुलझाडांची नव्हे. भिंतीच्या आत डोंगर, तळं, वाटा, माड्या, सगळा मुलूखच. माणसाने घरबसल्या देशाटन करावं अशी.

मग फानशेठने काय केलं? त्याने थाओमिस्त्रीला बोलावलं. थाओमिस्त्री बागा बांधण्यात अख्ख्या मुलखात एक नंबर, आणि ते त्याला स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं. तो आला. मोकळ्या जागेत एक स्टूल टाकलं आणि त्यावर बसून राहिला. आज बसला, उद्या बसला, परवाही बसला.

शेठला राहवेना. "मिस्त्री, काम कधी सुरू करणार?"

"चालूच आहे की."

"मला तर काही दिसत नाही."

"म्हणूनच तुम्ही रेशीम विकता आणि मी बागा बांधतो," मिस्त्री म्हणाला, आणि पुन्हा बघत बसला.

मग एक दिवस तो उठला आणि भराभर बाग उभी राहिली. कशी म्हणाल? फाटकातून आत गेलं की समोर भिंतच. आडवी, पांढरी, कोरी. तिला वळसा घालून जायचं. मग एक छपराची वाट लागायची, पण ती सरळ कुठली! नागासारखी, इकडून तिकडे. त्या वाटेला जाळीच्या खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीतून इवलंसं काहीतरी दिसायचं. एकीतून बांबूची चार पानं. दुसरीतून दगडाची कड. तिसरीतून पाण्याचा चकाकता तुकडा. मग पूर्ण चंद्रासारखं गोल दार. मग तळं. तळ्याच्या मधोमध एक बेट, आणि त्या बेटाकडे जाणारा पूल. पूल तर असा वाकडातिकडा की दारू पिऊन कोणी आखलाय असं वाटावं. चार पावलं उजवीकडे, चार डावीकडे, परत उजवीकडे.

आणि मिस्त्रीने एक गंमत केली. मागची भिंत एका जागी हातभर खाली घेतली. तिथून लांबच्या टेकडीवरचा देवळाचा मनोरा दिसायला लागला. बागेतून बघितलं तर वाटावं, मनोरा आपल्याच तळ्याच्या काठावर आहे! फानशेठ टाळ्या पिटायला लागला. "दुसऱ्याचा मनोरा, आपल्या बागेत, आणि फुकट!" व्यापाऱ्याला दुसरं काय हवं?

सगळ्यात शेवटी आला दगड.

आता जवळ सरका, बरं का. इथून गोष्ट जरा गार होते.

त्या शहराजवळ एक मोठं सरोवर होतं, आणि त्याच्या तळाशी दगड सापडायचे. पाण्याने शेकडो वर्षं खाऊन खाऊन त्यांना भोकं पडलेली. असा एक दगड मिस्त्रीने शोधून काढला. माणसाहून उंच, राखाडी, जागोजाग पोकळ. चुलीतून निघालेला धूर मध्येच गोठून उभा राहावा तसा. नावाड्यांनी तो होडीतून आणला, बेटावर उभा केला. शेठाणीने त्यांच्यासाठी जेवण मांडलं, तर एकही नावाडी घरात जेवला नाही. सगळे आपले होडीत जाऊन जेवले. त्यांच्यातला एक म्हातारा मिस्त्रीच्या कानात काही बोलला. मिस्त्रीने मान डोलावली, आणि त्याच दिवशी पुलाला आणखी वळणं घातली.

शेठने विचारलं, "काय म्हणाला तो?"

"काही नाही. या भोकांत कोणीतरी राहत होतं म्हणाला. त्याचं घर आपण उचलून आणलं. ते शोधत येणार."

शेठचा चहा हातातच राहिला. "मग दगड परत पाठवा!"

"पाठवतो. पण असा दगड या शहरात दुसऱ्या कोणाकडे नाही हं."

शेठने चहाचा एक घोट घेतला. आता तुम्हीच सांगा, कोणाकडे नाही म्हटल्यावर कोणता शेठ माल परत पाठवतो?

"घाबरू नका," मिस्त्री म्हणाला. "त्याला नुसतं सरळ चालता येतं. सरोवराच्या तळाशी ना भिंत, ना कोपरा. ते वळायला शिकलेलंच नाही. तुमच्या दारात आडभिंत आहे, मग नागमोडी वाट आहे, मग हा पूल आहे, आणि तळ्याच्या कोंडलेल्या पाण्यात ते उतरत नाही. तीन ठिकाणी अडेल ते. तुम्ही फक्त एवढंच करा. माझ्या बागेत काही सरळ करू नका."

मिस्त्री गेला. बाग फुलली. रुईला तो दगड फार आवडायचा. ती बेटावर जाऊन बसायची, भोकांतून हात घालायची, एकातून घातलेला हात दुसऱ्यातून बाहेर काढायची. एक वर्ष असं सुखात गेलं.

मग पाहुणे यायला लागले.

पहिला आला तानशेठ. हा पलीकडच्या काठावरचा रेशीमवाला, फानशेठचा वैरी. वैरी म्हणजे काय, दोघं एकमेकांना रोज नमस्कार करायचे आणि रोज रात्री एकमेकांच्या नावाने बोटं मोडायचे. तो फाटकातच उभा राहिला आणि म्हणाला, "बाग बांधलीत म्हणे. मला तर भिंतच दिसतेय. छान आहे हो भिंत. आमच्या गोठ्याला अश्शीच आहे."

झालं. दुसऱ्या दिवशी गवंडी आले.

शेठाणी म्हणाली, "अहो, मिस्त्री काय सांगून गेला होता?"

"मिस्त्रीच्या घरी चार माणसं येतात का? त्याला काय ठाऊक!"

"तुमच्या घरी चार येतात. पाचवा यायला नको म्हणून भिंत होती."

पण शेठ कुठला ऐकतोय! आडभिंत पडली. फाटकातून आतला हिरवा रंग दिसायला लागला. तानशेठ होडीतून जाताना मान वळवून वळवून बघायचा, आणि फानशेठला गोड झोप लागायची.

मग एकदा काय झालं, भर दुपार होती. ऊन असं की दगडावर पापड भाजावा. सगळीकडे सामसूम. शेठ अंगणात आला आणि बघतो तर फरशीवर ओली पावलं. फाटकापासून निघालेली. पण दोन पायांची नव्हेत, बरं का. एकाच पायाची. डाव्या. एकापुढे एक, एकापुढे एक, सुतात ओवल्यासारखी सरळ. ती छपराच्या वाटेच्या भिंतीपाशी गेली आणि संपली. आणि त्या भिंतीवर, पांढऱ्या चुन्यावर, माणसाएवढा ओला डाग. कोणीतरी अंग टेकवून उभं राहिल्यासारखा.

नोकर म्हणाले, मांजर असेल. मांजर एका पायावर चालत नाही, हे शेठला ठाऊक होतं. पण ऊन कडक होतं. पावलं वाळली. पावलं वाळली तशी आठवणही वाळली.

दुसरे आले शहराचे सुभेदार. मेण्यात बसून आले. मेणा लांबलचक, आणि वाट नागमोडी. पहिल्याच वळणावर मेणा अडकला. पुढे जाईना, मागे येईना. पुढचे भोई म्हणतात डावीकडे, मागचे म्हणतात उजवीकडे, आणि आत सुभेदारसाहेब ताटातल्या वाटीसारखे घरंगळतायत. शेवटी उतरून चालत गेले. चहा अर्धाच प्यायले. आणि मोठ्या माणसाने अर्धा चहा ठेवला म्हणजे काय, ते व्यापाऱ्याला सांगावं लागत नाही.

मग शेठने काय केलं? त्या नागमोडी वाटेच्या भिंती फोडल्या आणि मधून सरळ रस्ता काढला. सुभेदार पुन्हा आले, मेण्यातून थेट तळ्यापर्यंत गेले, आणि चहाचे दोन पेले प्यायले.

आणि मग एका तिन्हीसांजेला रुईच्या आईने लाल माशांना दाणे टाकले. एकही मासा वर आला नाही. तिने वाकून पाहिलं. सगळे मासे तळ्याच्या एका कोपऱ्यात जमले होते, तोंडं भिंतीकडे करून. एकाला एक चिकटून. हलत नव्हते. आणि काठावर, अगदी पाण्याच्या कडेपर्यंत, ओली पावलं. एकाच पायाची. पावलांची बोटं बेटाकडे.

वारा नव्हता, पानही हलत नव्हतं. पण बेटावरचा दगड घुमत होता. रिकाम्या घागरीत कोणी हळू फुंकर मारावी, तसा.

रुई म्हणाली, "आई, तो दगड आहे ना, त्याच्या आतून मला कोणीतरी हाक मारतं."

"कोण गं?"

"मीच. माझ्याच आवाजात."

त्या दिवसापासून रुईचं एक सुरू झालं. ती समोरच बघायची. आईने शेजारून हाक मारली तर मान वळवायची नाही, सबंध अंगाने फिरायची, तेही नाइलाजाने. वाटेत बसायचा पाट असला तर त्याला वळसा घालायची नाही, वरून चढून जायची. शेठाणी शेठला म्हणाली, "पोरीचं काहीतरी बिनसलंय. मिस्त्रीला बोलवा."

शेठ म्हणाला, "बोलावतो. आधी आत्याबाई येऊन जाऊ देत."

ह्या आत्याबाई म्हणजे तिसऱ्या पाहुण्या. शेठची सख्खी आत्या. तिने शेठला मांडीवर खेळवलेलं, त्यामुळे तिच्यापुढे शेठचं काही चालायचं नाही. ती त्या वाकड्या पुलावर दोन वळणं गेली, तिला गरगरायला लागलं आणि तिने भर पुलावर बसकण मारली. "अरे मेल्या, मला इथे जेवायला बोलावलंस की बुडवायला? पूल आहे का शिंक्याची दोरी?"

सगळे नोकर हसले. शेठला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेठाणी हात जोडून म्हणाली, "अहो, एवढा एक पूल राहू दे. आत्याबाई वर्षातून एकदा येतात. ते पाण्यातलं आलं तर कायमचं येईल."

पण सुतार आले. आणि पूल सरळ झाला. आत्याबाई तुरुतुरु चालत बेटावर गेल्या, दगडाला बघून "हे काय उंदरांनी खाल्लेलं" म्हणाल्या, जेवल्या आणि खूश होऊन घरी गेल्या.

आता फाटकात उभं राहिलं की भिंत नाही, वळण नाही. सरळ रस्ता, सरळ पूल आणि टोकाला तो दगड. बाणासारखं सगळं. पाहुण्यांची सोय झाली. पण सोय काय, बोलावलेल्यालाही होते आणि न बोलावलेल्यालाही होते.

दुसऱ्या सकाळी धुकं पडलं होतं. रुई अंथरुणात नव्हती.

शेठ धावत पुलावर आला. फळ्यांवर ओली पावलं होती, एका पायाची, बेटाकडे गेलेली. परत आलेली नव्हती. आणि दगडापाशी रुई उभी होती. केस ओले. डोळे उघडे, पण शेठच्या अंगातून पलीकडे काहीतरी बघितल्यासारखे.

"रुई, बाळा, चल घरी."

रुई चालायला लागली. शेठच्या शेजारून गेली. पुलावरून, रस्त्यावरून, सरळ. आणि तिच्या मागे फळ्यांवर पावलं उमटत गेली. रुईची दोन कोरडी, मातीची. आणि मधोमध एक तिसरं, ओलं.

ती कुठे चालली होती? फाटकाकडे. फाटकापुढे पायऱ्या, पायऱ्यांखाली कालवा, आणि कालवा तिथून सरळ त्या सरोवराला मिळतो. पाण्यातलं ते आपलं घर शोधत आलं होतं. घर जड, उचलता येईना. मग घरात बसून खेळणारं लेकरूच घेऊन निघालं.

शेठ ओरडला, "फाटक लावा!" फाटक लागलं. रुई फाटकाला कपाळ टेकून थांबली. मग मागे मागे यायला लागली. तोंड फाटकाकडेच, आणि पावलं उलटी. तशीच दगडापर्यंत गेली. मग पुन्हा पुढे. मग पुन्हा मागे. मागावरचा धोटा कसा इकडून तिकडे जातो, तशी. शेठने तिला उचलायला पाहिलं. तिघा नोकरांनी जोर लावला. इवली पोर, पण दगडाएवढी जड. हात बर्फ. आणि प्रत्येक खेपेला तिच्या गालाचा रंग थोडा राखाडी होत होता.

मनू, चादर तोंडावर घेऊ नकोस, श्वास कोंडेल. ऐक पुढे.

शेठ होडीत बसला आणि थाओमिस्त्रीकडे गेला. मिस्त्री अंगणात पाय धूत बसला होता. म्हणाला, "ऐकलं सगळं. मी येणार नाही. तुमच्याकडे माझी बाग राहिली नाही आता, सडक आहे सडक."

फानशेठने डोक्यावरची टोपी काढली आणि त्या पाय धुतलेल्या चिखलात डोकं टेकलं. राजाच्या माणसाला बसवून ठेवणारा शेठ, बरं का. तोंडातून एकच शब्द निघाला, "पोर."

मग मिस्त्रीचा आवाज उतरला. "पूल पुन्हा वाकवायला मला महिना लागेल."

"संध्याकाळपर्यंतसुद्धा वेळ नाही हो."

"आणि वाकवून उपयोगही नाही. ते आता बाहेर नाही, तिच्या चालण्यात शिरलंय. तिने वळायला हवं. ढकलून नव्हे, ओढून नव्हे, स्वतःला वाटून. ती एकदा वळली की ते सुटेल, कारण त्याला वळता येत नाही. ते सरळ निघून जाईल. त्याच्यासाठी फाटक तेवढं उघडं ठेवा."

"उघडं? आणि ती वळली नाही तर?"

मिस्त्री कालव्याकडे बघत राहिला.

"तिला कसं वळवू, मिस्त्री?"

"ते मला ठाऊक असतं तर मी भिंती कशाला बांधल्या असत्या? मी दगडमातीचा माणूस. रस्त्याने चाललेल्या माणसाला वळवणं हा तुमचा धंदा."

शेठ परत आला. वखार उघडली. रेशमाचे ताके बाहेर काढले. बांबू रोवले, आणि त्या सरळ रस्त्यावर तीन ठिकाणी, एका बाजूला, रेशमाचे आडोसे बांधले. एक पुलाच्या तोंडाशी, लाल. एक मध्ये, निळा. आणि एक फाटकाच्या अलीकडे, पांढरा. मग शेठने स्वतःच्या हाताने फाटक उघडलं. खाली कालव्याचं पाणी एकदम स्तब्ध झालं होतं, काच ठेवल्यासारखं.

दगड घुमायला लागला. रुई निघाली.

लाल आडोशामागे तिचा पतंग ठेवला होता. पतंगाची शेपूट तेवढी बाहेर, वाऱ्यावर हलणारी. रुई आली. शेपूट तिच्या हाताला घासली. ती पुढे गेली.

निळ्या आडोशामागे शेठाणी बसली होती. ती गायला लागली, रुईला निजवताना गायची ते. आणि शेवटच्या ओळीपाशी येऊन थांबली. शेवटची ओळ गायलीच नाही. रुईचं पाऊल मंद झालं. ओठ हलले. शेठाणीने पदर तोंडात कोंबला, की रडण्याचा आवाज फुटू नये. रुई एक क्षण थांबली, आणि मग पुढे गेली. ओलं पाऊल जरा पुढे पडायला लागलं. आता ते तिच्या मागून येत नव्हतं, तिला ओढत होतं.

उरला पांढरा आडोसा. त्याच्यामागे काय ठेवलं होतं? मिठाई ठेवायची होती, बाहुली ठेवायची होती, पण धावपळीत काहीच ठेवायचं जमलं नव्हतं. नुसता फानशेठ उभा होता, रिकाम्या हाताने. समोर उघडं फाटक आणि त्याच्या पलीकडे पाणी.

हाक मारावी? पण पोरांनो, बाजारात एक गोष्ट दिसते. दुकानदार रस्त्यावर येऊन हाका मारतो ना, त्याच्याकडे माणूस वळत नाही. उलट पाय उचलून पळतो. माणूस वळतो कुठे? जिथे दुकानदार स्वतःच पाठमोरा उभा असतो, काहीतरी निरखून बघत असतो, आणि गिऱ्हाइकाला विसरलेला असतो.

फानशेठने रुईकडे पाठ केली.

काळजाचं पाणी झालं असेल त्याच्या! पोर मागून पाण्याकडे चालली आहे, आणि बाप तिच्याकडे पाठ करतो. त्याने आडोशामागे डोकं घातलं. खाली वाकला. आणि हळूच, स्वतःशीच, हसला.

"अरे वा," तो म्हणाला. "अरे वा रे वा! हे असं असतं होय!"

मागे पावलं वाजत होती. टप, टप, आणि मधलं ओलं, पचक.

शेठने मागे बघितलं नाही. आणखी वाकला. कोणाला उठवायचं नसल्यासारखं कुजबुजला, "अजून एक आहे वाटतं आत. शू..."

पावलं थांबली.

शेठ तसाच वाकून राहिला.

"काय आहे, बाबा?"

तो आवाज दगडातून आला नव्हता. रुईचा होता. आणि शेठ अजूनही वळला नाही, बरं का. पक्का व्यापारी! म्हणाला, "काही नाही, काही नाही. तू जा आपली."

मग रुईचे डोळे हलले. मग मान हलली. मग एक खांदा फिरला, एक पाऊल फिरलं, आणि रुई त्या पांढऱ्या रेशमाला वळसा घालून आडोशामागे आली.

आणि ते ओलं पाऊल सरळ गेलं. फाटकातून बाहेर. पायऱ्यांवरून खाली. पचक, पचक, पचक. काचेसारखं पाणी मधोमध चिरलं. कात्रीने रेशीम चिरत न्यावं, तशी एक रेघ कालव्याच्या मधून सरळ सरळ लांब गेली, धुक्यात शिरली आणि नाहीशी झाली. वाटेत एक होडी होती. होडीतला माणूस नंतर सांगायचा की होडीखालून काहीतरी गेलं, आणि ते रडत होतं.

इकडे रुई आडोशामागे बघते तर काय? नुसती जमीन. दोन वाळकी पानं.

"इथे तर काहीच नाही!" रुई म्हणाली. गाल लाल झाले होते. "फसवलंत मला!"

आणि तिने भोकाड पसरलं. असं पसरलं की तळ्यातले मासे कोपऱ्यातून सुटून चहूकडे पळाले.

"हो गं बाई, फसवलं," फानशेठ म्हणाला, आणि तोही रडायला लागला. मग शेठाणी आली. ती दोघांनाही रागावली आणि तीही रडायला लागली.

पण ते रडत गेलं होतं ना, ते शेठच्या मनातून जाईना. चार दिवस गेले. एक दिवस जेवता जेवता तो म्हणाला, "आपल्याला आपलं लेकरू मिळालं. त्याला त्याचं घर नाही मिळालं." शेठाणी काही तिखट बोलली नाही. तिने त्याच्या पानात भात वाढला.

मग नावाडी आले. तो दगड होडीत घातला, सरोवरात नेला. फानशेठ स्वतः गेला आणि रुईलाही नेलं. दोर सोडले. दगड पाण्यात उतरत गेला, खाली, खाली, हिरव्यातून काळ्यात. भोकांतून बुडबुडे आले. मग बऱ्याच वेळाने, खूप खोलवरून, एक आवाज आला. कोणीतरी बाहेरून दमून घरी यावं आणि आतून कडी लावावी, तसा. नावाड्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा फानशेठच्या डब्यातलं खाल्लं.

मिस्त्रीने बाग परत वाकडी करून दिली. भिंत उभी राहिली, वाट नागमोडी झाली, पूल दारुड्यासारखा झाला. बेटावर आता काहीच नाही, नुसतं गवत. रुई मोठी झाली, तिचं लग्न झालं, वरातीतला एक वाजंत्रीवाला पाण्यात पडला, आणि सगळी माणसं पुढे सुखाने नांदली.

झाली गोष्ट. आता बोलायचं नाही कोणी. या कुशीवर आहात ना, तर त्या कुशीवर वळा बघू.

वळता येतंय ना सगळ्यांना? मग काही भीती नाही. मिटा डोळे.